भिंतीतली लग्नपत्रिका

खपली पडली ती थेट आत्याबाईंच्या पिठाच्या परातीत.

दिवेलागणीची वेळ होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात बाजरीचं पीठ मळत होत्या आणि मी चुलीत काटक्या सारत होते. आधी वरून 'टक्' असा आवाज आला, कोणी गच्चीवर नारळ आपटावा तसा. मागोमाग रुपयाएवढी गिलाव्याची खपली पिठात येऊन रुतली. आत्याबाईंनी हात तसाच धरून वर पाहिलं. मी खपली उचलायला हात पुढे केला, तर तेवढ्या घाबरगुंडीतही त्या म्हणाल्या, "उजवा हात, उजवा!"

मी डावखुरी. सासरी येऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत हे वाक्य मी दिवसाला दहा वेळा तरी ऐकलं असेल. मी उजव्या हाताने खपली काढली. मग बॅटरी आणून वर उजेड मारला.

जिथे भिंत संपते आणि स्लॅब सुरू होतो, बरोब्बर तिथे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत केसाएवढी बारीक रेघ गेली होती. स्वयंपाकघरातून ती माजघरात शिरली होती आणि माजघरातून ओसरीला लागून असलेल्या खोलीत. चारही भिंती. जणू कोणी सुरीने घराचं झाकण कापून ठेवलं होतं.

"अवो, ऐकलं का!" आत्याबाई बागेच्या दिशेने ओरडल्या. "घर तडकलं!"

घर नवंकोरं होतं. निफाडच्या अलीकडे, मळ्यात, द्राक्षबागेला लागून. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आणि ते बांधलं होतं माझ्या वडिलांनी, निवृत्ती मिस्त्रींनी. आम्ही भावंडं त्यांना आण्णा म्हणायचो.

खरं तर माझं लग्नच त्या घरापायी जमलं. आण्णा जोत्याचं काम करत होते तेव्हा मी त्यांची भाकरी घेऊन जायची आणि आयतीच हाताशी लागायची. एकदा ओळंबा धरून मी म्हणाले, "आण्णा, हा कोपरा सुताभर बाहेर गेलाय." मागे घराचे मालक, म्हणजे पुढे माझे सासरे झालेले मामंजी, उभे होते. आण्णांनी ओळंबा घेऊन स्वतः पाहिलं आणि दोन थर उतरवले. मामंजी त्या संध्याकाळी घरी जाऊन म्हणाले होते म्हणे, "पोरगी बापाची चूक बापाच्या तोंडावर सांगती. आपल्या सोपानला आशीच पायजे." सुपारी फुटली आणि त्या दिवसापासून मला त्या बांधकामावर पाऊल टाकायची बंदी झाली. होणाऱ्या सासरी नवरीने आधीच कसं फिरायचं? म्हणून भिंती मी पाहिल्या, पण स्लॅब पडला आणि गिलावा झाला तो मी पाहिला नाही. ते मी लग्न होऊन आले तेव्हाच पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच आहे.

मामंजी आले, सोपान आले आणि त्यांच्यामागून एकनाथमामाही आले. एकनाथमामा म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ. चार दिवस हवापालट म्हणून आले होते, त्याला पंधरा दिवस झाले होते. पूर्वी कुठल्याशा बांधकामावर त्यांनी मुकादमकी केली होती. काम नेमकं कुठलं होतं ते प्रत्येक वेळी वेगळं असायचं. कधी पूल, कधी बंधारा. त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली, रेघेवरून फिरवली आणि डॉक्टरने नाडी सोडावी तशी खाली केली.

"ताई, सरळ सांगतो. स्लॅब भिंतीवरून सुटलाय. आज रेघ हाय, उद्या फट व्हईल, परवा डोक्यावर."

"आरे पण कामून सुटंल? आवंदाच तर बांधलं."

"मालच कमी घातला असंल तर काय व्हनार? सिमेंट मिस्त्रीच्या घरी गेलं असंल." आणि मग माझ्याकडे न पाहता, "मी कोनाचं नाव घेत न्हाई."

घ्यायची गरजच काय! त्या घराला मिस्त्री एकच होता.

बाकीच्यांना भीती स्लॅबची होती. माझी भीती वेगळी होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. मी चुलीपुढे जाऊन बसले आणि विझलेल्या काटक्या फुंकत राहिले.

मामंजी तसे सबुरीचे माणूस. ते एवढंच म्हणाले, "सकाळी उजेडात पाहू. तोवर आपलं बिऱ्हाड शेडात हलवा." द्राक्षं भरायची पत्र्याची शेड होती, तिथे आम्ही अंथरुणं नेली. त्या साली निफाडला थंडी अशी पडली होती की म्हातारी माणसंही म्हणत, असं काही पाहिलं नाही. नव्या घराच्या दारातून गोधड्या बाहेर काढताना आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, हे पाणी माझ्या बापाच्या नावावर चाललंय.

सकाळी सात वाजता एकनाथमामा आमच्या आधी घरात हजर होते. रात्रीची रेघ आता खरोखरच फट झाली होती. मामांनी इकडे तिकडे पाहिलं. कोनाड्यात आमच्या लग्नाच्या उरलेल्या, माझ्या माहेरच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातली एक जाड, पिवळी पत्रिका उचलून ते स्टुलावर चढले आणि त्यांनी ती फटीत घातली. सहज गेली. निम्मी आत, निम्मी बाहेर.

"पहा! हाताच्या बोटानं ढकलली. येवढी फट एका रातीत!"

पत्रिका तिथेच ठेवून ते खाली उतरले, पुरावा म्हणून. खालून वाचता येत होती. माझं आणि सोपानचं नाव भिंतीत गेलं होतं आणि नेमकं 'आपला नम्र, निवृत्ती दगडू गांगुर्डे' बाहेर राहिलं होतं.

"दाजी, स्लॅब फोडावा लागंल," मामा मामंजींना म्हणाले. "आन् कातकाड्यांनाबी सांगून ठेवतो. संक्रांत झाली की त्यांचा पाया खणायचा हाय. याच मिस्त्रीला काम दिलंय त्यांनी."

कातकाडे म्हणजे शेजारच्या मळ्यातले. आमचं घर पाहूनच त्यांनी आण्णांना शब्द दिला होता आणि त्यांच्यामागून आणखी दोघे तयार झाले होते. आण्णांनी आयुष्यभर दुसऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली काम केलेलं. स्वतःच्या नावावर, पायापासून स्लॅबपर्यंत बांधलेलं हे त्यांचं पहिलं घर. हे पडलं असतं तर कोणी त्यांच्या हातात वीट दिली नसती. घर पडायचीही गरज नव्हती. मामांनी चार ठिकाणी नुसतं बोलायची खोटी होती.

"मामा, आण्णा येऊन पाहूदेत की," सोपान पुटपुटले. माझे यजमान स्वभावाने गरीब. मामांपुढे एवढं बोलले हेच पुष्कळ.

"त्येच म्हनतो मी," मामंजी म्हणाले. "जा, इवायांना बोलावून आण. आन् एकनाथ, तोवर कातकाड्यांकडं जायचं न्हाई."

मामा हो म्हणाले आणि चहा पिऊन कातकाड्यांकडे गेले.

आण्णा तीन वाजता आले. दुसऱ्याच्या कामावर गिलावा करत होते, तो तसाच टाकून चौदा किलोमीटर सायकल मारत आले. पँटवर सिमेंटचे शिंतोडे, हँडलला हत्यारांची पिशवी. आत्याबाईंनी रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला. आण्णांनी तांब्याला बोटं लावून नमस्कार केला आणि स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून दोन घोट प्याले.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. आण्णांनी ती इतकी कडक पाळली की हसू यावं. ज्या विहिरीचं पाणी बादलीने पिऊन त्यांनी हे घर बांधलं, त्याच पाण्याला आता ते फक्त नमस्कार करत.

"काय झालं, इवाई?" त्यांनी मामंजींना विचारलं.

"तुमीच पहा." मामंजींचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता. आण्णांना ते कळलं. ते माझ्याकडे न पाहता आत गेले.

एकनाथमामा वाटच पाहत होते. "या मिस्त्री. ही पत्रिका पाहिली का? सकाळी आर्धी आत गेली. आता तुमच्या डोळ्यांदेखत काढून पुन्हा घालून दाखवतो." ते स्टुलावर चढले आणि पत्रिका ओढली.

पत्रिका हलली नाही.

मामांनी दुसरा हात लावला. मान तिरकी केली. एक पाय भिंतीला टेकवला. टर्रकन आवाज झाला आणि 'आपला नम्र' एवढा कोपरा मामांच्या हातात आला. आण्णांचं नाव भिंतीलाच लटकत राहिलं.

"कोनी काही केलं का हितं?" मामांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं.

आत आल्यावर आण्णांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामा, पत्रिका किती वाजता घातली व्हती?"

"सातला."

"आन् आता तीन." आण्णांनी मान डोलावली. मग भिंतीला घोडी लावून वर चढले. हात फटीवरून फिरवला. आता ती पुन्हा केसाएवढी झाली होती. त्यांनी बॅटरी मागितली आणि ती भिंतीला चिकटवून आडवी धरली. असा आडवा उजेड मारला की रंगाखालचा गिलावा दिसतो. कुठे थापी कशी फिरली ते सगळं उमटतं. उजेड हळूहळू सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला. आण्णांनी तिथे अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग मान वळवून घोडीवरून थेट माझ्याकडे पाहिलं.

मी पदर चाचपू लागले.

ते खाली उतरले. गच्चीवर एक फेरी मारून आले आणि मामंजींना म्हणाले, "स्लॅबाला काही न्हाई झालं. पन मी आत्ता बोललो तर बोलाचीच कढी. उद्या सकाळी सातला येतो. तवर कोनी पत्रिकेला हात लावू नका."

"राहा की हितंच," मामंजी म्हणाले.

"लेकीच्या घरी कसा राहू?" आण्णांनी सायकल वळवली. मी बांधापर्यंत गेले. वाटलं, आता विचारतील. त्यांनी फक्त पिशवी हँडलला नीट अडकवली आणि म्हणाले, "पमे, थंडी लई हाय. कानाला बांधत जा."

दुसऱ्या दिवशी मामंजी पहाटेच बागेत गेले होते. थंडीने मण्यांचं नुकसान होऊ नये म्हणून सगळे बागाईतदार ओळींमधून शेकोट्या पेटवत होते. मळ्यामळ्यांवर धूर बसला होता. बागेच्या खांबाला मामंजींचा थर्मामीटर टांगलेला असायचा. रोज सकाळी तो पाहून आकडा मोठ्याने सांगायचा हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी ते ओरडले, "चार!"

आणि धुरातून सायकल आली. आण्णांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता, भुवयांवर दव होतं आणि बोटं हँडलवरून सुटेनात. आत्याबाईंनी बंबातलं पाणी आणि चहा पुढे केला. आण्णांनी कपाला नमस्कार केला. दातांवर दात आपटत होते तरी नमस्कारच केला. मला रडू यायचं बाकी होतं.

सगळे आत आले. फट पुन्हा उघडली होती. आण्णा घोडीवर चढले नाहीत. म्हणाले, "मामा, तुमीच काढा."

मामा स्टुलावर चढले. काल पाय लावूनही न निघालेली पत्रिका त्यांच्या दोन बोटांत अलगद आली. ते ती धरून तसेच उभे राहिले.

"आता पुन्हा ठिवा. तीन वाजता न्हाई निघायची," आण्णा म्हणाले. "इवाई, स्लॅब दिवसभर उन्हात तापतो. काल दुपारी गच्चीवर पाय ठिववत नव्हता. तापला की फुगतो. रातच्याला गारठला की आकसतो, कडा जराशा उचलल्यावानी व्हत्यात. खाली भिंत सावलीत. ती हाय तिथंच. बाकी गावात थंडी आन् ऊन यात येवढं अंतर नसतं. आवंदा तुमच्याकडं सकाळी चार आन् दुपारी तीस. स्लॅब येरझाऱ्या घालतोय, दुसरं काही न्हाई. परवा संध्याकाळी जे टक् वाजलं, त्ये त्याचंच."

मग मामंजींनी खिशातून काहीतरी काढलं. द्राक्षाचा मणी होता, सकाळी बागेत उचललेला, उभा चिरलेला.

"आमचे मणी तडकले आवंदा," ते हळूच म्हणाले. "रातची थंडी आन् दिवसाचं ऊन. कोनाचा दोष धरायचा? मी रोज आकडा वाचतो आन् माज्या डोक्यात आलं न्हाई." आणि ते चक्क हसले. परवापासून पहिल्यांदा.

माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच एकनाथमामा म्हणाले, "ते ठीक हाय. पन मिस्त्रीला हे ठाऊक व्हतं तर आधीच तजवीज कामून न्हाई केली? भिंत तडकली ती तडकलीच ना?"

प्रश्न खोडसाळ होता, पण बरोबर होता. सगळ्यांनी आण्णांकडे पाहिलं.

"केली व्हती," आण्णा म्हणाले. "स्लॅब टाकायच्या आधी भिंतीवर डांबरी कागद हातरला, म्हंजी स्लॅब भिंतीला न वढता सरकंल. आन् गिलावा करताना स्लॅबाखाली बोटभर खाच मोकळी ठिवली. चारी भिंतींना."

"कुठाय खाच?"

"हां, व्हती की!" आत्याबाईंना आठवलं. "बोटभर फट व्हती वरती. दिवाळीच्या आधी बुजली ती. रंगाऱ्यानं बुजवली असंल."

"त्या रंगाऱ्याला बोलवा," मामांनी लगेच निशाणा बदलला. "कोनी सांगितलं त्याला शानपना करायला?"

"रंगाऱ्याला कशाला?" आण्णा घाईने म्हणाले. "चूक माजी हाय. खाच कशापायी ठिवली ते मी कोनाला सांगितलंच न्हाई. घरमालकाला फट दाखवली की तो म्हनतो बुजवा. म्हनून गप राहिलो. माजंच चुकलं, इवाई."

"घ्या! कबूल केलं!" मामा म्हणाले. "ऐकलं का दाजी? सोताच्या तोंडानं म्हनतोय, चूक माजी हाय."

मला तोंडावर थापी बसल्यासारखं झालं. बाप थंडीत सायकल मारत आला, पाणी प्याला नाही आणि आता माझं पांघरूण होऊन उभा आहे. काल आडव्या उजेडात त्यांनी काय पाहिलं होतं ते मला ठाऊक होतं. थापी उजव्या हातातली असली की गिलाव्यात एका बाजूला कललेले फराटे उठतात. त्या खाचेतले फराटे उलटे होते. उभ्या पंचक्रोशीत उलट्या हाताने थापी चालवणारं एकच माणूस होतं आणि त्याला ती चालवायला त्यांनीच शिकवलं होतं.

"खाच मी भरली," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. "रंगाऱ्यानं न्हाई. आण्णांनी न्हाई. मी."

"तू?" सोपानचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्ही सगळे छाटणीला बागेत होता तेव्हा. शेडात अर्धी गोणी सिमेंट उरलं होतं. वाळू चाळली आणि चार दुपारी घोडी लावून भरली."

"आगं पन कशापायी?" आत्याबाईंनी विचारलं.

आता सांगायचं की नाही, असा क्षणभर विचार केला. मग म्हटलं, जाऊदे, होऊन जाऊदे. "दसऱ्याला पाहुण्या आल्या होत्या. तुम्ही त्यांना घर दाखवलं. एकीनं वर बोट करून विचारलं, ही फट कशी? तर तुम्ही म्हणालात, इवायानं घाई केली, काम अर्धं टाकून पोरीच्या लग्नाला लागला. सगळ्या हसल्या. मला ते सोसलं नाही. माझ्या आण्णांनी कधी काम अर्धं टाकलेलं नाही. मी स्लॅबाचं काम पाहिलं नव्हतं. मला वाटलं, खरंच राहिलंय. म्हणून पुरं केलं."

बोलून झाल्यावर मी डोळे मिटले. सून सासूला चार माणसांत असं बोलली, आता काय व्हायचं ते होवो. पण खरं सांगते, दोन दिवसांचं ओझं उतरावं तसं हलकं वाटत होतं.

पहिला आवाज आला तो मामंजींचा. ते हसत होते. "बापाची चूक काढनारी सून आनली व्हती मी. बापाची नसलेली चूक दुरुस्त करून ठिवली हिनं!"

आण्णा हसले नाहीत. ते मान खाली घालून मफलरच्या टोकाने डोळे पुसत होते. थंडीने डोळ्यांना पाणी येतं म्हणून आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

आत्याबाई भावाकडे वळल्या. "एकनाथ, तू कातकाड्यांकडं जाऊन आलास ना काल?"

"न्हाई... म्हंजी वाटेतच घर व्हतं..."

"मंग आता पुन्हा जा. ही पत्रिका संगं ने. आन् सांग, घर पाह्यला या म्हनावं, सकाळी सातला एकदा आन् दुपारी तीनला एकदा."

मामा पत्रिका घेऊन निघाले. कातकाडे खरंच दोन्ही वेळा येऊन गेले आणि संक्रांतीनंतर त्यांचा पाया आण्णांनीच खणला. पण ते पुढचं.

त्या सकाळी आण्णांनी पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. "खाच मोकळी करतो. तासाभराचं काम हाय. आन् इवाई, गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, ऊन कमी लागंल." ते घोडीकडे निघाले, पण बोटं अजून वळत नव्हती. हातोडी हातातून निसटून फरशीवर पडली.

मी ती उचलली. डाव्या हाताने. चूक लक्षात आली आणि मी झटकन उजव्या हातात घेतली.

"ऱ्हाऊदे त्याच हातात," आत्याबाई म्हणाल्या. "ज्या हातानं भरली त्याच हातानं उकर. मी घोडी धरते."

आणि त्यांनी खरंच कमरेला पदर खोचून घोडी धरली. मी वर चढले, छिन्नी लावली आणि पहिला तुकडा पाडला. खालून आत्याबाईंचा आवाज आला, पण तो मला नव्हता.

"इवाई, बसा चुलीपाशी. चहा घ्या."

"न्हाई वो, लेकीच्या घरी..."

"लेकीच्या घरी इवाई म्हनून आलात तर नका घेऊ. पन हत्यारं घेऊन आलाय तुमी. माज्या घरी काम काढलंय. मिस्त्रीला चहा न देता काम करून घ्यायची रीत आमच्यात न्हाई. वर काम चालू हाय तवर तुमी मिस्त्री. काम सरलं की पुन्हा इवाई, मंग बसा नमस्कार करत."

मी हातोडी थांबवून खाली पाहिलं. आण्णा चुलीपाशी बसले होते. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी मान हलवली. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. मग बशीत चहा ओतला आणि दोन्ही हातांनी बशी तोंडाला लावली. गरम चहा आत गेला तसे त्यांचे खांदे खाली आले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही.

सदतीस वर्षं झाली. आण्णा नाहीत, आत्याबाई नाहीत. घर आहे. ती खाच आहे, चारी भिंतींना, बोटभर. नातवंडं विचारतात तेव्हा सांगते. पौषातल्या संध्याकाळी वरून टक् आवाज आला की आमच्याकडे आता कोणी मान वर करून पाहत नाही.

काम तासाभराचं होतं, आण्णा बरोबर बोलले होते. मी ते दुपारपर्यंत पुरवलं. आण्णांचे तीन चहा झाले आणि जेवणही झालं.

घोडी धरून उभ्या असलेल्या आत्याबाईंना मी इतका वेळ का लावतेय ते कळत होतं. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आटप.